बाबांचा लॅपटॉप सुरू व्हायला अकरा मिनिटं, फॉरमॅट मारू का?

कर्वेनगरी | शनिवार, रात्री ९:५०

मंडळी मदत हवीय. बाबांचा लॅपटॉप आहे २०१६ चा, आय५ सहाव्या जनरेशनचा, ४ जीबी रॅम, १ टीबी हार्ड डिस्क, विंडोज १०. बाबा रिटायर झाले आणि लगेच सोसायटीचे सेक्रेटरी झाले म्हणजे खरी नोकरी आत्ता लागलीय. मेंटेनन्सच्या एक्सेल शिटा, नोटिसा, टँकरचा हिशोब, सगळं त्या एका लॅपटॉपवर. काल मी मोबाईलवर टायमर लावून बसलो. पॉवर बटण दाबल्यापासून एक्सेलची शीट दिसेपर्यंत अकरा मिनिटं दहा सेकंद. तेवढ्यात बाबा खाली जाऊन पार्किंगवरून एकाशी वाद घालून वर आले, तरी गोल फिरतंच होतं.

जवळच्या दुकानात दाखवला तर तो म्हणे फॉरमॅट मारावा लागेल, डेटाची गॅरंटी नाही. दुसरा म्हणे याच्यात आता काही राम नाही, नवीन घ्या. बाबांचं म्हणणं चालतोय ना, हात लावू नकोस, मागच्या वेळी हात लावलास तेव्हा प्रिंटर गेला होता (२०१९ ची गोष्ट, अजून ऐकतोय). आणि ऑफिसातल्या मित्राने एक पीसी बूस्टर पाठवलंय, फुकट आहे, एका क्लिकमध्ये तिप्पट स्पीड लिहिलंय. टाकू का?

नट_बोल्ट | शनिवार, रात्री १०:०४

टाकू नकोस. बाकी नंतर बोलू, आधी ते डिलीट कर.

पेठेतला | शनिवार, रात्री १०:११

एवढं घाबरायचं काही नाही हो. मी गेली कित्येक वर्षं क्लीनर वापरतोय. दर रविवारी चालवायचं, रजिस्ट्रीतल्या (विंडोजच्या सेटिंग्जची वही हो) चार-पाचशे चुका काढतं, टेम्प साफ, प्रीफेच साफ. मशीन पळतं. शिवाय एमएसकॉन्फिगमध्ये जाऊन बूटच्या अॅडव्हान्समध्ये प्रोसेसरची संख्या ४ करून टाका, डिफॉल्टला एकच वापरतं ते.

नट_बोल्ट | शनिवार, रात्री १०:३८

पेठेतला, रागावू नका पण यातलं जवळजवळ सगळं उलटं आहे. एमएसकॉन्फिगमधल्या त्या खुणेने संख्या वाढत नाही, ती फक्त कमी करता येते. खूण नसते तेव्हा विंडोज आहेत तेवढे सगळे कोअर वापरतंच. ती सोय चाचणी घेणाऱ्यांसाठी आहे. प्रीफेच पुसलं की पुढची एकदोन सुरुवात उलट जास्त हळू होते, कारण कुठला प्रोग्राम उघडताना काय काय लागतं त्याची टिपणं त्या फोल्डरमध्ये असतात, ती परत बनवावी लागतात. आणि रजिस्ट्रीतल्या पाचशे चुका म्हणजे लाखो नोंदींमधल्या पाचशे मेलेल्या नोंदी, त्या काढून वेगात काडीचा फरक पडत नाही पण चुकून जिवंत एक निघाली तर प्रिंटर जातो. (कर्वेनगरी, तुझा २०१९ चा प्रिंटर कसा गेला होता रे?) मायक्रोसॉफ्टने स्वतःच लिहून ठेवलंय की रजिस्ट्री क्लीनरला आमचा पाठिंबा नाही, त्याने काही बिघडलं तर दुरुस्त करता येईलच असं नाही.

फुकट आणि नावाजलेलं म्हणजे सुरक्षित असंही नाही. २०१७ मध्ये सीक्लीनरच्या अधिकृत डाउनलोडमध्येच हल्लेखोरांनी मालवेअर घुसवलं होतं, वीस लाखांहून जास्त कॉम्प्युटरवर ते गेलं. चूक वापरणाऱ्यांची नव्हती, त्यांनी बरोबर ठिकाणाहूनच घेतलं होतं. जी वस्तू लागतच नाही ती घरात कशाला आणा, एवढंच.

आता कर्वेनगरी तू. औषध नंतर, आधी नाडी बघू. उद्या सकाळी लॅपटॉप चालू कर, कंट्रोल शिफ्ट एस्केप दाब, टास्क मॅनेजर उघडेल, खाली मोअर डिटेल्स असेल तर ते दाब. मग कशालाही हात न लावता पाच मिनिटं बस आणि वर सीपीयू, मेमरी, डिस्क असे तीन टक्के दिसतात त्यातला कोणता लाल होऊन अडकलाय ते इथे सांग. परफॉर्मन्समध्ये सीपीयूवर क्लिक केलंस की खाली अप टाइम दिसेल, तोही लिही.

कर्वेनगरी | शनिवार, रात्री १०:४५

२०१९ चा प्रिंटर... हो, तसलंच काहीतरी टाकलं होतं. बाबांना सांगू नका.

मावशी_ऑनलाईन | शनिवार, रात्री ११:१५

मला यातलं कळत नाही पण वाचतेय, कारण माझाही कॉम्प्युटर तसाच झालाय. शिवाय खाली कोपऱ्यात सारखं येतं "तुमच्या पीसीत ५ व्हायरस सापडले, आत्ता साफ करा". मागच्या आठवड्यात एकदा पूर्ण स्क्रीनच भरून आलं, बाईचा आवाज पण येत होता, बंद करू नका म्हणत होती आणि एक फोन नंबर. मी लावणार होते, तेवढ्यात लाईट गेली. गुरुवार होता.

ढोबळमानाने | शनिवार, रात्री ११:२२

महावितरणने आयुष्यात पहिल्यांदा कुणाचं भलं केलं.

नट_बोल्ट | शनिवार, रात्री ११:४०

मावशी, लावला नाहीत ते फार बरं केलंत. कुठलीही वेबसाईट तुमच्या कॉम्प्युटरमधले व्हायरस मोजू शकत नाही आणि खरा इशारा कधी फोन नंबर देत नाही. तिकडचा माणूस गोड बोलून स्क्रीन बघायचं अॅप टाकायला लावतो आणि मग बँकेचं पान उघडायला सांगतो. असं पुन्हा स्क्रीन भरून आलं तर घाबरून काही दाबू नका, ऑल्ट एफ४ दाबा, नाहीच गेलं तर टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करा. आणि कुणाचे पैसे गेलेच तर त्याच मिनिटाला १९३० ला फोन, सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाईन आहे. पहिल्या काही तासांत कळवलं तर पैसे वाटेत गोठवता यायची शक्यता जास्त.

कोपऱ्यातलं ते व्हायरस नाहीच बहुतेक. कधीतरी एखाद्या पानाने "अलाऊ?" विचारलं आणि तुम्ही हो म्हणालात, त्या नोटिफिकेशन आहेत. ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी, मग साईट सेटिंग्ज, मग नोटिफिकेशन्स, तिथे यादी दिसेल, अनोळखी नावं सगळी काढून टाका.

मावशी_ऑनलाईन | शनिवार, रात्री ११:५२

यादीत ३४ नावं आहेत!! रेसिपी बघताना हो म्हणत गेले असणार.

कर्वेनगरी | रविवार, सकाळी १०:२०

बसलो पाच मिनिटं, बाबा शेजारी उभे, कॅमेऱ्यासारखे. सीपीयू १२ ते २० टक्के, मेमरी ८६, डिस्क १०० आणि हलतच नाही. गंमत म्हणजे डिस्कचा स्पीड बघितला तर फक्त १ ते २ एमबी पर सेकंद. १०० टक्के बिझी आणि काम एवढंच? अप टाइम ४१ दिवस लिहिलंय, हे चुकीचंच आहे कारण बाबा रोज रात्री शटडाऊन करतात, वर मेन स्विच पण बंद करतात.

नट_बोल्ट | रविवार, सकाळी ११:०५

अप टाइम बरोबर आहे. विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप म्हणून एक सोय आहे, शटडाऊन केलं की विंडोजचा गाभा बंद होत नाही, तो डिस्कवर लिहून झोपवतात आणि सकाळी तोच उठवतात. त्यामुळे ४१ दिवसांचा मळ तसाच. रिस्टार्ट केलं तरच खरं नव्याने सुरू होतं, ऐकायला विचित्र आहे पण रिस्टार्ट हा शटडाऊनपेक्षा जास्त पूर्ण आहे. बाबांना सांग आठवड्यातून एकदा रिस्टार्ट.

आता मुख्य. १०० टक्के बिझी आणि १ एमबी, हे हार्ड डिस्कचं नेहमीचं दुखणं. लॅपटॉपमधली ही डिस्क बहुतेक मिनिटाला ५४०० फेरे मारणारी, म्हणजे एक फेरा ११ मिलिसेकंदांचा. हवी ती माहिती काट्याखाली यायला सरासरी अर्धा फेरा, वर काटा जागेवर न्यायचा वेळ वेगळा. सेकंदाला शंभर जागांवरूनसुद्धा वाचून होत नाही. सलग मोठी फाइल असली तर तीच डिस्क शंभर एमबीने पळते, पण विंडोज सुरू होताना हजारो छोट्या छोट्या फाइली इकडून तिकडून लागतात. रेशनच्या दुकानात एकच माणूस आहे, प्रत्येक जण पाव पाव किलो मागतोय आणि दर वेळी तो मागच्या गोदामात जाऊन येतोय, तसं. एसएसडी म्हणजे चिपवाली डिस्क, तिच्यात फिरणारं काही नाहीच, तिथे हेच काम सेकंदाला हजारोंनी होतं.

त्यात ४ जीबी रॅम ८६ टक्के भरलेली, म्हणजे जागा पुरेना की विंडोज रॅममधला पसारा त्याच बिचाऱ्या डिस्कवर नेऊन ठेवतं. दोन्ही बाजूंनी मार.

तर दुकानदाराचा फॉरमॅट मारून महिनाभर बरं वाटेल, मग परत तेच. एसएसडी आणि जमलं तर अजून ४ किंवा ८ जीबी रॅम. पण थांब, खरेदीला धावू नकोस. डिस्क नुसती हळू आहे की आजारी आहे ते आधी बघू. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं छोटं सॉफ्टवेअर आहे, ते चालव, वर रंग दिसतो तो सांग. डाउनलोडच्या पानावर जाहिरातींची मोठमोठी हिरवी बटणं असतात, त्यातलं एकही दाबू नकोस.

अण्णा_धायरी | रविवार, सकाळी ११:३०

वरच्या सगळ्याला +१ पण एक राहिलं. सगळ्यांचं दुखणं डिस्क नसतं. माझ्या मुलीचा लॅपटॉप एसएसडीवाला, तरी वीस मिनिटं चालवला की बैलगाडी. टास्क मॅनेजरमध्ये सगळं ठीक, फक्त सीपीयूचा स्पीड ०.७९ गिगाहर्ट्झला चिकटलेला, असायला हवा दोनच्या वर. एप्रिल महिना, धायरीत रस्त्याचं काम चालू, उघडून बघितला तर पंख्याच्या जाळीवर धुळीची गोधडी झालेली. प्रोसेसर तापला की जीव वाचवायला स्वतःच वेग कमी करतो. ब्रशने साफ केला, हवा मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवायचं नाहीतर ते गरगर फिरून खराब होतं. फरक पडला पण थोडाच. मग चार दिवस डोकं खाजवल्यावर कळलं की चार्जर ओरिजिनल नाही, स्वस्तातला आणला होता, लॅपटॉप त्याला ओळखत नव्हता आणि म्हणून वेग दाबून ठेवत होता. चार्जर काढून नुसत्या बॅटरीवर चालवला की पळायचा! हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर मी थर्मल पेस्टच्या नादी लागून दोन स्क्रू हरवले नसते.

भरदुपारी | रविवार, दुपारी २:१०

लिनक्स टाका. मिंट. विषय संपला.

ढोबळमानाने | रविवार, दुपारी २:१४

आला बघा. तुझीच वाट बघत होतो, यंदा उशीर झाला.

भरदुपारी | रविवार, दुपारी २:२५

हसा. माझ्या सासऱ्यांच्या २०१२ च्या डेस्कटॉपवर तीन वर्षं चालतंय, त्यांना वाटतं विंडोजचंच नवीन काहीतरी आहे. पेनड्राइव्हवरून इन्स्टॉल न करता नुसतं चालवून बघता येतं, डिस्कला धक्का लागत नाही. हां, एक्सेलमध्ये मॅक्रो असतील किंवा टॅली असेल तर मी आग्रह करणार नाही.

कर्वेनगरी | रविवार, दुपारी ४:४०

क्रिस्टलवालं चालवलं. पिवळा रंग. "कॉशन" लिहिलंय. करंट पेंडिंग सेक्टर काउंटसमोर शेवटी ३८ आणि रिअलोकेटेडसमोर १०. हे किती वाईट? बाबांना पिवळं दिसलंय त्यामुळे आता घरातलं वातावरण तापलंय. पेठेतला यांनी व्यक्तिगत निरोपात सांगितलंय की चेकडिस्क आणि डीफ्रॅग रात्रभर लावून ठेव, सकाळी निळा होईल. लावू?

नट_बोल्ट | रविवार, दुपारी ४:४३

नको नको नको. लॅपटॉप बंद नको करूस, डीफ्रॅग नको, चेकडिस्क तर अजिबात नको. जेवायला बसलो होतो, हात धुऊन लिहितो.

नट_बोल्ट | रविवार, संध्याकाळी ५:१०

हं. ते आकडे त्यात हेक्साडेसिमलमध्ये दिसतात, म्हणजे ३८ हे आपले ५६ आणि १० म्हणजे १६. सोळा जागा डिस्कने आधीच बाद करून राखीव जागा वापरल्यात आणि छप्पन जागा वाचता येत नाहीयेत, त्यांचं काय करायचं ते अजून ठरलेलं नाही. अकरा मिनिटांचं एक कारण हेही असेल, खराब जागा आली की डिस्क परत परत वाचायचा प्रयत्न करत बसते आणि मागे सगळी रांग थांबते. अशी डिस्क वर्षभरही चालते आणि उद्या सकाळी पण जाते, कुणी सांगू शकत नाही.

म्हणूनच चेकडिस्क आणि डीफ्रॅग नको. दोन्ही तिला रात्रभर पळवतात. आजारी माणसाला पर्वतीच्या पायऱ्या चढायला लावून तब्येत सुधारते का बघण्यासारखं आहे. तिच्यात जेवढा श्वास शिल्लक आहे तेवढा डेटा बाहेर काढायला वापर.

एक्सटर्नल डिस्क आहे का घरात? नसली तर शेजाऱ्याची आण. क्रम असा ठेव की जे परत मिळणारच नाही ते पहिलं. सोसायटीच्या शिटा आणि घरचे फोटो. सिनेमे सगळ्यात शेवटी किंवा नाहीच. साधं कॉपी-पेस्ट एखाद्या खराब फाइलवर अडकून बसेल, म्हणून कमांड प्रॉम्प्टमध्ये रोबोकॉपी वापर आणि शेवटी स्लॅश आर कोलन १, स्लॅश डब्ल्यू कोलन १ हे दोन नक्की लाव. न लावल्यास तो एका खराब फाइलसाठी दहा लाख वेळा प्रयत्न करतो, दर वेळी ३० सेकंद थांबून. खोटं नाही सांगत, डिफॉल्टच तसा आहे. नातवंडं येऊन बघतील कॉपी झाली का.

डेस्कटॉपवर ठेवलेल्या फाइली विसरू नकोस, वडील मंडळी सगळं तिथेच ठेवतात.

पेठेतला | रविवार, संध्याकाळी ५:५५

डिस्क खराब आहे हे मला माहीत नव्हतं. चांगल्या डिस्कला चेकडिस्कने काही होत नाही एवढं माझं म्हणणं कायम. पण या केसमध्ये नट_बोल्ट बरोबर आहेत. (हे वाक्य पेठेत राहून लिहिलंय, नोंद घ्यावी.)

कर्वेनगरी | रविवार, रात्री ११:३०

१४० जीबी निघाला. सहा तास लागले. सात फोटो आणि एक लग्नाचा व्हिडिओ गेला, लग्न आत्याच्या नणंदेच्या मुलाचं होतं त्यामुळे घरात शोक नाही. सोसायटीच्या सगळ्या शिटा सुखरूप. बाबा सहा तास शेजारी खुर्ची टाकून बसले होते, स्क्रीनवर ओळी सरकताना बघत. मधे एकदा "मेंटेनन्स २०२१ फायनल फायनल २" गेलेलं दिसलं तेव्हा म्हणाले, आलं का ते, बरं झालं.

आता क्लोन करू का नव्याने विंडोज टाकू? बाबांची अट, सगळं जिथल्या तिथे दिसलं पाहिजे.

नट_बोल्ट | सोमवार, सकाळी ८:१५

डिस्क धडधाकट असती तर क्लोन म्हणालो असतो, क्लोनझिलाने तासा-दोन तासांत सगळं जसंच्या तसं नव्या एसएसडीवर जातं. पण छप्पन खराब जागा म्हटल्यावर क्लोन अडकेल नाहीतर बिघाडासकट कॉपी होईल. नवीन टाक. लायसन्सची काळजी नको, मदरबोर्ड तोच आहे ना, मग इन्स्टॉल करताना "प्रॉडक्ट की नाही" म्हण, आधीचीच होम किंवा प्रो जी असेल ती निवड, इंटरनेट लागलं की आपोआप अॅक्टिव्हेट होतं. ८ जीबीचा पेनड्राइव्ह आणि मायक्रोसॉफ्टचं मीडिया क्रिएशन टूल, बस. दुकानातून "सगळं टाकून देतो"वालं विंडोज घेऊ नकोस, त्यात चोरीच्या चाव्या आणि काय काय येतं.

बाकीच्यांसाठी एक इशारा. अलीकडच्या लॅपटॉपमध्ये बऱ्याचदा बिटलॉकर, म्हणजे डिस्कला लागणारं विंडोजचं कुलूप, आपल्या नकळत चालू असतं, मदरबोर्ड बदलला किंवा बायॉसमध्ये काही बदललं की ४८ आकडी रिकव्हरी की मागतं. ती आधी आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जाऊन कागदावर लिहून ठेवा.

सिंहगडरोडी | सोमवार, सकाळी ९:४०

खरेदीला तापकीर गल्लीत किंवा टिळक रोडला जाणार असशील तर जाण्याआधी टास्क मॅनेजरमध्ये मेमरीवर क्लिक कर, "स्लॉट्स यूज्ड १ ऑफ २" असं काही दिसतंय का बघ. २ पैकी १ असेल तर दुसऱ्यात नवीन पट्टी घालता येते. जुनी पट्टी डीडीआर३एल आहे का डीडीआर४ ते बघून जा, सहाव्या जनरेशनमध्ये दोन्ही असायच्या, एकाची दुसऱ्यात बसत नाही. आणि एसएसडी मागताना नुसतं एसएसडी म्हणू नकोस, अडीच इंची साटा म्हण. माझ्या भावाने एम-डॉट-टू एनव्हीएमई आणली, चपटी च्युइंगगमसारखी, लॅपटॉपमध्ये तिला जागाच नाही. रविवारी दुकान बंद, सोमवारी बदलून मिळाली पण दुकानदाराने चेहरा असा केला की जणू त्याच्या मुलीला नकार दिलाय.

सध्या रॅमचे आणि एसएसडीचे भाव चढलेत, तरी नव्या लॅपटॉपपेक्षा पुष्कळ स्वस्त. ऑनलाईन पाचशे रुपयांत दोन टीबी दिसलं तर ते खोटंच असतं, आत एक छोटं मेमरी कार्ड चिकटवलेलं निघतं.

अण्णा_धायरी | सोमवार, सकाळी १०:०५

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ लाच संपला ना? मग १० कशाला टाकतोय, ११ टाका.

नट_बोल्ट | सोमवार, दुपारी १:३०

११ ला इंटेलचं आठवं जनरेशन किंवा पुढचं लागतं आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप. याचं सहावं. आडवाटेने टाकता येतं, यूट्यूबवर शंभर व्हिडिओ आहेत, पण पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही आणि सेक्रेटरींच्या मशीनवर मी तो प्रयोग सांगणार नाही. १० ला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेट घेता येतात, त्यासाठी नाव नोंदवावं लागतं, सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटच्या पानावरच लिंक येते, मायक्रोसॉफ्ट खात्याला सेटिंग्ज सिंक केल्या तर पैसे पडत नाहीत. त्यानंतर एकतर भरदुपारींचं मिंट नाहीतर नवीन मशीन. एसएसडी आणि एक्सटर्नल काही वाया जात नाही, पुढे कामाला येतात. रॅमचं मात्र सांगता येत नाही.

भरदुपारी | सोमवार, दुपारी १:३१

मी इथेच आहे. वाट बघेन.

कर्वेनगरी | गुरुवार, रात्री ९:१५

झालं! मंगळवारी एसएसडी आणि ८ जीबीची एक पट्टी आणली (स्लॉट रिकामा होता, सिंहगडरोडींना एक चहा लागू). मागचं झाकण काढायला बारा स्क्रू, बसवायला अकरा, अण्णांच्या पंक्तीत बसलो. बटण दाबल्यापासून एक्सेल उघडेपर्यंत ३४ सेकंद. बाबांनी दोनदा बंद करून परत चालू करून बघितलं, मग म्हणाले, ठीक आहे.

अँटिव्हायरस वेगळा टाकला नाही, विंडोजचा डिफेंडरच ठेवलाय. आधी दोन होते हे आत्ता कळलं, एक लॅपटॉपबरोबर आलेला, मुदत संपलेला, आणि एक मी टाकलेला, दोघं मिळून प्रत्येक फाइल तपासत बसायचे. स्टार्टअपमध्ये चौदा गोष्टी होत्या त्यातल्या आता तीन.

पण मोठा घोळ झालाय. सोसायटीची जुनी पत्रं, २००९ पासूनची, उघडली तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं, टिंबं, डोक्यावर दोन ठिपके असलेले ओ, असला सगळा कचरा. उद्या एजीएमची नोटीस काढायचीय आणि मागच्या वर्षीची बघूनच काढतात. बाबा काही बोलत नाहीयेत. ते बोलत असलेले परवडतात. फाइली करप्ट झाल्या का?

पेठेतला | गुरुवार, रात्री ९:२१

करप्ट नाहीत! इथे मात्र माझं ऐका, तीस वर्षं डीटीपी केलंय. मजकुराचा फॉन्ट काय दाखवतोय वर्डमध्ये? डीव्हीबी योगेश वगैरे?

कर्वेनगरी | गुरुवार, रात्री ९:२४

हो!! "डीव्हीबी-टीटी योगेश".

पेठेतला | गुरुवार, रात्री ९:४०

सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेचा फॉन्ट. आपल्याच पुण्यातला. युनिकोड (ज्यात प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो) रुळायच्या आधी सगळी सरकारी कार्यालयं, पतपेढ्या, सोसायट्या यात नाहीतर श्रीलिपीत नाहीतर कृतिदेवमध्ये टाइप करायच्या. या फॉन्टमध्ये आतून इंग्रजी अक्षरंच असतात, वरून फक्त देवनागरीचा मुखवटा. म्हणजे फाइलीत "क" नसतोच, कुठलंतरी रोमन चिन्ह असतं आणि फॉन्ट त्या जागी क चं चित्र काढतो. फॉन्ट गेला की मुखवटा उतरला. तुम्ही विंडोज नव्याने टाकलंत, फॉन्ट जुन्या डिस्कवर राहिला, एवढंच झालंय.

जुनी डिस्क टाकली नाहीत ना? यूएसबीच्या केसिंगमध्ये घालून जोडा, तिच्या विंडोजमधल्या फॉन्ट्स फोल्डरमधून योगेश, सुरेख, जे काय डीव्हीबीने सुरू होतं ते उचला, नव्यावर राइट क्लिक, इन्स्टॉल. वर्ड बंद करून परत उघडा.

आणि इथून पुढच्या नोटिसा युनिकोडमध्ये काढायला सांगा. विंडोज १० मध्ये २०१९ पासून मराठी फोनेटिक कीबोर्ड आतच आहे, सेटिंग्जमध्ये भाषेत जाऊन मराठी जोडायचं, काही विकत घ्यावं लागत नाही. जुन्या फाइली बदलायला कन्व्हर्टर मिळतात पण जोडाक्षरं आणि रफार तपासून घ्या, "कार्यकारिणी"चं काय काय होतं ते मी बघितलंय.

नट_बोल्ट | गुरुवार, रात्री ९:५२

हे मला सुचलंच नव्हतं. क्लोन सांगितला असता तर प्रश्नच आला नसता, नवीन टाक म्हणताना फॉन्टचा विचार करायला हवा होता मी. पेठेतला, दंडवत.

कर्वेनगरी | गुरुवार, रात्री ११:०८

केसिंग शेजाऱ्यांकडे मिळालं. डिस्क दोनदा टकटक करून जोडली गेली. योगेश टाकला, वर्ड उघडलं, आणि "सर्व सभासदांस कळविण्यात येते की" असं ठळक दिसलं. बाबांनी चष्मा काढून पुसला, परत घातला, पूर्ण पत्र वाचलं, आणि २०१४ च्या त्या पत्रात एक शुद्धलेखनाची चूक सापडली ती सुधारून सेव्ह केली.

पेठेतला काका, बाबा विचारतायत तुम्ही कुठल्या पेठेत.

पेठेतला | गुरुवार, रात्री ११:२०

सदाशिव. पण एक ते चार सोडून फोन करा म्हणावं.

मावशी_ऑनलाईन | शुक्रवार, सकाळी ७:४५

सगळं वाचलं, छान झालं हो बाबांचं. मीही ती ३४ च्या ३४ नावं काढून टाकली. व्हायरसचं येणं एकदम बंद. पण त्यात दाते पंचांगाचं पण गेलं वाटतं, ते रोज सकाळी तिथी सांगायचं, ते मला हवं होतं. ते कसं परत आणायचं?

ढोबळमानाने | शुक्रवार, सकाळी ७:५८

मावशी, त्याच पानावर जा आणि विचारलं की हो म्हणा. फक्त तिथेच.